मंडळीची वही

सोलापुरास अक्कलकोट रोडवर एम्. आय्. डी. सी.ची जी औद्योगिक वसाहत आहे, तिच्या अलीकडे आमचें बिऱ्हाड आहे. शहरांतील वडिलोपार्जित वाडा सोडून, चिरंजीवांच्या नोकरीच्या सोयीसाठीं आम्ही इकडे राहावयास आलों, त्यास आतां सात वर्षें होत आलीं. टॉवेल व चादरी विणणाऱ्या यंत्रमागांचा खडखडाट येथें पहाटेपासून कानीं येतो, आणि आमचें विष्णुसहस्रनाम आमच्याही नकळत त्याच तालावर धांवूं लागतें. रविवारीं सकाळीं मात्र मागच्या गल्लींतून पेटी-तबल्याच्या साथीवर एक गाणें ऐकूं येई. चाल अभंगाची, ओळखीची. शब्द नीट लागत नसत. आम्ही कित्येक दिवस तें वारकऱ्यांचें भजन समजून बसलों होतों. एके रविवारीं भाजी घेऊन परत येतांना थांबून ऐकलें, तेव्हां उलगडा झाला. तें ख्रिस्ती मंडळीचें गायन होतें, आणि पद रेव्हरंड नारायण वामन टिळकांचें.

देवालय म्हणावें असें तेथें कांहीं नाहीं. शिखर नाहीं, घंटा नाहीं. पत्र्याच्या छपराची एक लांबट खोली, सतरंज्या, भिंतीवर लांकडी क्रूस आणि तीस-चाळीस माणसें. बहुतेक मागांवर काम करणारीं. मूळचीं बिदर, गुलबर्गा, उदगीर या बाजूचीं. हे लोक मेथॉडिस्ट पंथाचे. सोलापुरांत ख्रिस्ती म्हटले कीं, सामान्यतः अमेरिकन मराठी मिशनची मंडळी डोळ्यांपुढें येते. तें मिशन १८१३ सालीं मुंबईस आलें, १८३१ त नगरास गेलें, आणि १८६० त आगगाडी सोलापुरास पोंचल्यावर त्याच दशकांत येथेंही त्याचें ठाणें बसलें. मेथॉडिस्टांची वाट निराळी. त्यांचे विल्यम टेलर यांनीं १८७१ च्या अखेरीस मुंबईस काम सुरू केलें, आणि त्यांचें काम पुढें निजामाच्या मुलुखांत पसरलें. निरनिराळ्या मिशनांनीं आपापसांत मुलूख वांटून घेतले होते; त्या वांटणींत सोलापूर एकाचें आणि बिदर दुसऱ्याचें. आमच्याकडे उपाध्येपणाच्या वृत्तीवरून भाऊबंदांत गांवें वांटलीं जात, त्याचीच आम्हांस आठवण झाली.

एके दिवशीं सायंकाळीं त्या मंडळींतील एक वृद्ध गृहस्थ आमच्या दारीं आले. काखेंत लाल फडक्यांत गुंडाळलेलें कांहीं होतें. बसा म्हटल्यावरही ते उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. दुसऱ्यांदां म्हटलें तेव्हां आंत आले.

"गुरुजी, आपल्याला मोडी वाचतां येतें असं ऐकलं," ते म्हणाले. "आमच्या मंडळीची जुनी वही आहे. वडिलांनीं गांवाहून येतांना आणली. आमच्यांत आतां कुणाला वाचतां येत नाहीं. पाळकसाहेब नवे आहेत, त्यांना मागचं कांहीं ठाऊक नाहीं. आपण वाचून दाखवलीत तर मंडळीची हकीकत लिहून ठेवीन म्हणतों."

मोडी आम्हांस आजोबांनीं लहानपणीं पाटीवर गिरवून शिकविली; आयुष्यांत तिचा उपयोग जमिनीच्या चार कागदांपलीकडे झाला नव्हता. आम्ही आनंदानें होकार दिला. त्या दिवसापासून पावसाळाभर, आठवड्यांतून दोनदां, हे गृहस्थ येत. आम्ही वाचावें, त्यांनीं शाळकरी वहींत बालबोधींत उतरून घ्यावें. आमच्या कुटुंबानें चहा करावा. १८९० सालीं पुण्यास पंचहौद मिशनमध्यें चहा घेतल्यावरून लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ति रानडे यांच्यासारख्यांवर ग्रामण्य झालें होतें. येथें चहा आमच्याच घरचा होता, त्यामुळें दोष कोणास लागला असेल तर तो कळावयास मार्ग नाहीं.

मेथॉडिस्ट हें नांवही मूळचें कुचेष्टेचें. अठराव्या शतकांत ऑक्सफर्डच्या विद्यापीठांत जॉन वेस्ली आणि त्यांचे सोबती ठरल्या वेळीं प्रार्थना, ठरल्या दिवशीं उपास, ठरल्या वारीं कैद्यांची भेट असा नेम पाळूं लागले, तेव्हां इतरांनीं त्यांस 'पद्धतवाले' म्हणून हिणविलें. तेंच नांव टिकलें. १७४२ त ब्रिस्टल येथें, प्रार्थनामंदिराचें कर्ज फेडण्यासाठीं, सुमारें बारा-बारा माणसांचे वर्ग पाडून प्रत्येकाकडून आठवड्यास एक पेनी गोळा करण्याची तोड निघाली. पेनी गोळा करावयास वर्गनायक घरोघर जाऊं लागला, तेव्हां कोणाच्या घरीं दुखणें आहे, कोण दारू पितो, कोण रागावून बसला आहे, हें त्यास आपोआप कळूं लागलें. कर्जवसुलींतून धर्माचा कारभार उभा राहिला. जन्मभर वर्ग घेतलेल्या माणसास ही गोष्ट आवडल्यावांचून राहिली नाहीं.

त्या वहींत हीच रीत दिसली. पेनीच्या जागीं जोंधळे. 'जोंधळे पायली अर्धी', 'आणे दोन', 'कोंबडी एक', 'तेल दिव्यास'. ज्याच्या घरीं द्यावयास कांहीं नव्हतें त्याच्या नांवापुढें 'सारवण केलें' असें लिहिलें होतें. पहिल्या पानांवर छप्पन्नाच्या दुष्काळाचा उल्लेख येतो. त्यानंतर मंडळी वाढली. दुष्काळांत पोटासाठीं धर्म बदलला, असें आपल्या घरांतून नेहमीं बोललें जातें, आणि तें सर्वस्वीं खोटें आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. पण पोटासाठीं आलेला मनुष्य पुढें चाळीस वर्षें अर्धी पायली जोंधळे स्वतःच्या पोटास चिमटा घेऊन देत राहतो, याचा उलगडा त्या वाक्यानें होत नाहीं.

वहीचा शेवटचा रकाना शेऱ्याचा. 'गांवीं गेला', 'मयत, पटकी', आणि कांहीं नांवांपुढें 'वजा'. वजा म्हणजे मंडळींतून काढलेला. लिहिणारा कोणी हिशेबी कारकून असावा. माणसांचेंही त्यानें खातेंच मांडलें होतें. एकानें दारू पिऊन बायकोस मारलें: वजा. एकानें मुलाचें जावळ देवीस दिलें: वजा. त्या दुसऱ्या नांवाखालीं निराळ्या शाईनें आणखी एक ओळ होती. 'मुलगा वारला. परत जमा.' ती आम्हीं वाचली आणि क्षणभर थांबलों. म्हाताऱ्यांनीं लेखणी खालीं ठेवली.

"वजा झालेले परत जमा व्हायचे?" आम्हीं विचारलें.

"त्रैमासिक सभेंत पुढं यायचं, कबूल करायचं. मग घेत," ते म्हणाले, आणि थोड्या वेळानें सहज विचारल्यासारखें, "तुमच्या लोकांतलेही मोठे मोठे ख्रिस्ती झाले म्हणतात, गुरुजी. टिळकच पाहा. तुमच्या घराण्यांत कुणी?"

"छे!" आम्ही म्हणालों. "आमच्याकडे कोणी नाहीं."

हें उत्तर तोंडांतून इतक्या चटकन् बाहेर पडलें कीं, तें खोटें आहे याची जाणीव आम्हांस ते गृहस्थ फाटकाबाहेर गेल्यावर झाली.

आमच्या आजोबांचे एक चुलते नगरास इंग्रजी शिकावयास गेले होते. नारायण वामन टिळकांनीं १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला, त्याच सुमारास यांनींही घेतला. घरीं कळल्यावर त्यांचा घटस्फोट करण्यांत आला. हल्लीं हा शब्द नवराबायकोच्या काडीमोडीस लावतात. आम्ही म्हणतों तो मूळचा विधि. जिवंत माणसाच्या नांवानें पाण्याचा घडा पालथा करावयाचा, सुतक धरावयाचें, आणि पुढें त्याच्याशीं बोलणें, बसणें, वांटणी, सर्व बंद. वांटणीपुरता इंग्रजी कायदा आड येत होता. १८५० च्या एकविसाव्या कायद्यानें धर्मांतरामुळें वारसाहक्क जात नाहीं असें ठरलें होतें. पण त्यांनीं हिस्सा मागितला नाहीं, आणि घरच्यांनीं दिला नाहीं. आई अत्यवस्थ असल्याचें ऐकून ते एकदां आले होते. त्यांस पडवींत बसविलें, ओंजळींत वरून पाणी घातलें. आई माजघराच्या खिडकींतून पाहात राहिली. बाहेर आली नाहीं, येऊं दिली नाहीं. हें आम्हांस आजीनें सांगितलें, तेंही आवाज खालीं आणून, जणूं भिंतीपलीकडे कोणी ऐकत आहे. आमच्या वंशावळींत त्या पिढीस चार भाऊ आहेत. होते पांच.

त्या रात्रीं आम्हीं मनुस्मृति काढली. अकराव्या अध्यायांत पतिताचा घडा दासीनें पायानें लोटावा, हें आहे. हा भाग आमच्या पूर्वजांनीं बिनचूक पाळला. पण तेथेंच, दोन-तीन श्लोकांपुढें, प्रायश्चित्त करून आलेल्याबरोबर सपिंडांनीं पुण्य जलाशयांत स्नान करावें आणि नवा घट पाण्यांत सोडावा, असेंही सांगितलें आहे. म्हणजे परत जमेचा रकाना आमच्याही वहींत होता. तो भरावयाचें धैर्य मात्र फार थोड्यांस झालें. १८४३ सालीं नारायण शेषाद्रि ख्रिस्ती झाले. त्यांचा अल्पवयी भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे गेला होता. कोर्टानें त्यास बापाच्या हवालीं केलें, आणि त्यास शुद्ध करून जातींत घ्यावा म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनीं खटपट केली. त्या मुलानें बाप्तिस्माही घेतला नव्हता. तरी केवढें वादळ उठलें! शास्त्र बाळशास्त्र्यांच्या बाजूस होतें, आणि माणसें शास्त्राच्या बाजूस नव्हतीं.

आमच्या चुलतपणजोबांस परत यावयाचें होतें असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. त्यांस बहुधा नव्हतें. मग प्रायश्चित्त न केलेल्याचें नांव कोणत्या शाईनें लिहावयाचें? या प्रश्नास मनूचें उत्तर नाहीं, आणि आम्हांसही तें शास्त्रानें सुटण्याजोगें वाटलें नाहीं.

आम्हीं पुण्यास वडील बंधूंना फोन केला. वंशावळ त्यांच्या संमतीवांचून बदलणें आम्हांस प्रशस्त वाटेना.

"आतां कशाला तें?" दादा म्हणाले. "सव्वाशे वर्षें होऊन गेलीं. घरांत अजून मुलींचीं लग्नें व्हायचीं आहेत."

दादांचा नातू न्यू जर्सींत असतो. त्याची बायको कोणत्या धर्माची, हें दादांनीं अद्याप विचारलेलें नाहीं. तिनें पाठविलेला रक्तदाब मोजण्याचा यंत्रपट्टा मात्र ते रोज दंडास बांधतात. हें आम्हीं त्यांस सुचवून पाहिलें. ते म्हणाले, "तुला काय करायचं तें कर, मला विचारूं नकोस." आम्हीं ही संमति धरली.

मधल्या काळांत वहीचें वाचन चालूंच होतें. १९४८ च्या रझाकारी धामधुमींत पानें कोरीं आहेत. त्यानंतर एकच नोंद: 'मंडळी पांगली. वही सोलापुरास.' म्हाताऱ्यांचे वडील तेव्हां तान्ह्या मुलास आणि या वहीस घेऊन इकडे आले व गिरणींत लागले; तें तान्हें मूल म्हणजे हेच. पुढें गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, आणि माणसें मागांकडे वळलीं. १९७० सालीं नागपुरास उत्तर भारतांतील अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांचें ऐक्य होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालें, तेव्हां या पंथाचे लोक ऐन वेळीं बाजूस राहिले, आणि १९८१ त त्यांनीं आपली स्वतंत्र भारतीय संस्था केली. याचें कारण आम्हीं म्हाताऱ्यांस विचारलें. ते हंसून म्हणाले, "तुमच्यांत देशस्थ-कोंकणस्थ आहेत ना, गुरुजी?" आम्हीं पुढें विचारलें नाहीं.

सर्वपित्री अमावास्येच्या आदल्या दिवशीं आम्हीं वंशावळीचा कागद काढला. तिसऱ्या आणि चौथ्या भावाच्या मध्यें बोटभर जागा होती. लिहिणाऱ्यानें ती मुद्दाम सोडली होती कीं हात अडखळला होता, कोण जाणे. तेथें आम्हीं नांव लिहिलें. शाई नेहमींचीच वापरली. दुसऱ्या दिवशीं तर्पणांत तें नांव उच्चारावें कीं नाहीं, याचा बराच विचार केला. ज्या माणसानें ते संस्कार जाणून सोडले, त्याच्यावर ते लादणें आम्हांस उचित दिसेना. तर्पण झाल्यावर, दर्भ खालीं ठेवल्यावर, आम्ही तें नांव एकदां मोठ्यानें म्हणालों. आमचें कुटुंब स्वयंपाकघरांतून डोकावलें आणि कांहीं न विचारतां परत गेलें.

पुढच्या रविवारीं उपासना सुटण्याच्या वेळीं आम्ही त्या खोलीच्या दाराशीं जाऊन उभे राहिलों. वृद्ध गृहस्थ बाहेर आले. आम्हीं त्यांस सांगितलें कीं, त्या दिवशीं आम्ही खोटें बोललों. आमच्या घरचे एक होते. ते कांहीं वेळ आमच्याकडे पाहात राहिले.

"नांव काय?" त्यांनीं विचारलें.

आम्हीं सांगितलें.

"नगर म्हणजे अमेरिकन मिशन, आमचं नव्हे," ते म्हणाले. "पण तिथं माझ्या व्याह्यांची ओळख आहे. त्यांच्या वह्या असतील, तर विचारतों. मोडींत निघाल्या तर मात्र तुम्हांलाच यावं लागेल." असें म्हणून त्यांनीं खिशांतून पेन्सिल काढली, आमच्याकडून तें नांव पुन्हा एकदां, अक्षर अक्षर करून, विचारून घेतलें, आणि गीतांच्या पुस्तकाच्या मलपृष्ठावर लिहिलें.