टिचबटणं

माझ्या भाच्याची झबली अम्मी उलटी शिवते; शिवण बाहेर, मऊ बाजू आत. शिवण घासली तरी त्याला फोड येतो. त्याला काखेत हात घालून उचलायचं नाही, मानेखाली आणि कुल्ल्यांखाली तळवा सरकवायचा. रहाटणीच्या आमच्या गल्लीत आधी ‘नजर लागली’ असं ठरलं. मग बहिणीने ग्रहणात काहीतरी चिरलं असणार, असंही. (तुमच्यात ग्रहण पाळतात का, असं विचारू नका. शेजार एक असला की भीतीही वाटून घेतली जाते.)

डॉक्टरांनी नाव सांगितलं: एपिडर्मोलिसिस बुलोसा, जंक्शनल प्रकार. नावावरून काही कळेना, म्हणून वाचत गेलो.

कातडीच्या पेशीला वर-खाली असतं. एक बाजू बाहेरच्या जगाकडे, एक तळाकडे, आणि कडा शेजारच्या पेशींना धरून. शेजाऱ्यांना धरायला ई-कॅडहेरिन नावाचं प्रथिन असतं. तळाच्या पडद्याला धरायला हेमिडेस्मोसोम, म्हणजे टिचबटणाचा अर्धा भाग. अम्मीला मी हे सांगितलं तर ती मशीनवरून मान वर न करता म्हणाली, “म्हणजे अस्तर आहे, पण टाचलेलं नाही.” याहून नेमकं मला कुठे वाचायला मिळालं नाही.

बाळ घडताना ही बटणं जागच्या जागी बसतात कशी, याचा माग महेंद्र सोनावणे यांनी झेब्राफिशवर काढला. मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारा हा पट्ट्यापट्ट्यांचा मासा मूळचा आपल्याच उपखंडातल्या नद्यांमधला. पिलू पारदर्शक, कातडी सुरुवातीला दोनच थरांची, त्यामुळे सगळं जिवंतपणी दिसतं. सोनावणे जर्मनीत ट्युबिंगेनला असताना २००५ साली त्यांचा शोधनिबंध आला: एलजीएल२ हे प्रथिन निकामी झालेल्या पिलांत तळच्या पेशींची हेमिडेस्मोसोम नीट बनतच नाहीत. २००९ मध्ये पुढची गंमत कळली. ई-कॅडहेरिन याच कामात उलट ओढतं. ते कमी केलं तर त्या पिलांत बटणं पुन्हा बसू लागतात. शेजाऱ्याला किती धरायचं आणि जमिनीला किती, याचा हिशेब पेशीलाही करावा लागतो. पुढे कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या त्यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं की हे वर-खाली एकदम ठरत नाही, टप्प्याटप्प्याने ठरतं.

भाच्याचा बिघाड दुसऱ्या जीनमधला आहे. माशाचं औषध त्याला लागणार नाही. पण एक गोष्ट मला त्या वाचनातून बोलता आली. हा प्रकार सहसा आई-बाप दोघांकडून एकेक बिघडलेली प्रत आली तरच होतो, आणि मग प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता. बहिणीचा नवरा आमच्या मामूंचा मुलगा. मामाची मुलगी करण्याची रीत महाराष्ट्रात आमच्यापुरती नाही, पण म्हणून हिशेब बदलत नाही.

आता धाकट्या भावासाठी मामूंच्याच मुलीचं चाललंय. मी अब्बांना म्हटलं, बाळाचा नेमका बिघाड तपासणीत सापडला की या दोघांचं रक्तही तपासून घेऊ, मग तारीख काढा. अब्बांनी ‘बघू’ म्हटलंय. मामूंना अजून कुणीच काही बोललेलं नाही.