मिनिटांत मोजलेला इतिहास : धाराशिवच्या मुलींचा खो-खो

किल्ले, वाडे आणि ताम्रपट यांच्या या मालिकेत आज एका संघाविषयी लिहितो आहे. त्याच्या नावाचा शिलालेख नाही. त्याचा इतिहास आहे तो कात्रणांत, आणि माझ्यासारख्या चाहत्यांच्या आठवणींत.

माकणी हे आमचे गाव लोहारा तालुक्यात, तेरणेच्या काठी. धरणामुळे नकाशावर आणि १९९३ च्या भूकंपामुळे बातम्यांत आलेला हा पट्टा. आमचा जिल्हा लोकांना तुळजाभवानीमुळे ठाऊक असतो, तेरच्या प्राचीन अवशेषांमुळे ठाऊक असतो, आणि दुष्काळामुळे तर असतोच. मला मात्र तो आधी खो-खोचा जिल्हा वाटतो, आणि त्यातही मुलींच्या खो-खोचा.

खो-खो जुना, पण त्याला नियमांची चौकट मिळाली ती पुण्यात. १९१४ च्या सुमारास डेक्कन जिमखान्याने नियम बांधले. १९५९-६० मध्ये विजयवाड्याला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. शहरांतल्या व्यायामशाळांनी वाढवलेला हा खेळ आमच्याकडे रुजला याचे नवल वाटू नये. दोन खांब, फक्कीच्या रेषा आणि सपाट जमीन एवढ्यावर तो उभा राहतो. ज्या शाळेला चेंडूचा खर्च जड जातो, तिलाही तो परवडतो.

या खेळाचे खरे वैशिष्ट्य त्याच्या अन्यायात आहे, असे मला नेहमी वाटते. पाठलाग करणारीने मध्यपाटी ओलांडायची नाही, आणि एकदा दिशा धरली की खांबाला वळसा घातल्याशिवाय मागे फिरायचे नाही. पळणारीला मात्र कुठेही शिरण्याची मुभा. म्हणून पाठलाग करणारीला बसलेल्या आठ सख्यांचा आधार घ्यावा लागतो. पाठीमागून खो देऊन आपली जागा सोडावी लागते. पळणाऱ्या येतात तिघी-तिघींच्या तुकडीने. पारंपरिक खेळात पाळी नऊ मिनिटांची. त्यात एकटीने दोन मिनिटे टिकणे म्हणजे काय, हे एकेरी साखळीत बसलेल्यांमधून नागमोडी पळणाऱ्या मुलीचा श्वास जवळून ऐकल्यावर कळते.

म्हणूनच खो-खोच्या बातमीतला कंस मला एखाद्या ताम्रपटाइतका मोलाचा वाटतो. नावापुढे मिनिटे, सेकंद आणि बाद केलेले गडी, बस्स. क्रिकेटमध्ये धावा मोजतात. इथे मोजतात ती मैदानावर तग धरलेली वेळ. दुष्काळी मुलखाला असा हिशेब जवळचा वाटला, तर त्यात आश्चर्य कसले?

या कंसांतून वर आलेले सर्वांत मोठे नाव सारिका काळे. २०१६ मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत तिच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला संघाने सुवर्णपदक मिळवले. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला, तोही खो-खोच्या वाट्याला तब्बल बावीस वर्षांनी आलेला. पुढे १९ जानेवारी २०२५ रोजी दिल्लीत पहिल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारतीय महिलांनी नेपाळला ७८-४० असे हरवले. त्या संघातही आमच्या धाराशिवची अश्विनी शिंदे होती.

त्या विजयाचा आनंद मोठाच. तरी एक खंत उरते. विश्वचषक झाला मॅटवर, सात-सात जणींच्या वेगवान प्रकारात. गुणफलक आता दोन अंकांनी धावतो. प्रेक्षक वाढले, हे मान्यच. पण नऊ जणींचा तो संथ, हिशेबी डाव मागे पडला, तर जुन्या कंसांतली मिनिटे वाचणार कोण? ज्या पिढीने मातीत गुडघे फोडून घेत हा लौकिक उभा केला, तिच्यातल्या किती जणींची नावे आज छापील रूपात सापडतील? पदक जिंकणारीचे नाव राहते. तिच्या पाठीशी नेमक्या क्षणी खो देणारी बहुधा विस्मृतीत जाते.

तेव्हा एक विनंती. घरात आई, मावशी किंवा आत्या खेळलेल्या असतील, तर ट्रंकेतली कात्रणे बाहेर काढा. जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये बदलले, त्यामुळे जुन्या बातम्या शोधताना ‘उस्मानाबाद’ही शोधावे लागते. संघाच्या छायाचित्रातल्या साऱ्या जणींची नावे आजच विचारून लिहून ठेवा. आणि कात्रणाची मागची बाजूही टिपा; पुढे तारीख नसली, तर ती पुष्कळदा मागच्या जाहिरातीवरून लागते.