बुरशी लागलेली कॅसेट
काल माळा आवरताना क्वीनची ‘ग्रेटेस्ट फ्लिक्स’ सापडली. १९८१ साली या ब्रिटिश रॉक बँडनं आपल्या गाण्यांचे व्हिडिओ एका कॅसेटमध्ये आणले होते. त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्याच पाचगणीत शिकला, शाळेच्या बँडमध्ये पियानो वाजवायचा. १९९१ मध्ये तो गेला. पण जगाकडं त्याचं गाणं, नाचणं, सगळं आहे.

बाजूलाच मामांनी केळापूर तालुक्यातल्या एका कोलाम पोडावर शूट केलेली दंडारीची कॅसेट होती. तिला पार बुरशी. नाचणारे बरेचसे गेले, दुसरी प्रत नाही.

भाऊ, जुन्या कॅसेट डिजिटल करायची सोय जिल्हा ग्रंथालयात व्हायलाच पाहिजे. तुमच्या घरी असतील तर कळवा. यादी करू, निवेदन देऊ.