मंचेरियलमार्गे काळेश्वरम

देवदर्शनाला आपापले जाणे वेगळे आणि जाणत्या माणसाच्या मागे जाणे वेगळे. आपापले गेले की दर्शन होते, प्रसाद मिळतो, गाडी पुढे निघते. जाणता सोबत असला की वाटेतले गाव, नदी, न कळणारी भाषासुद्धा ओळखीची होऊन जाते. फेब्रुवारी २०२५ मध्ये आमच्या भालकीच्या भजनी मंडळातली चौदा माणसे कीर्तनकार बुवांबरोबर तेलंगणातल्या गोदाकाठच्या देवस्थानांना जाऊन आली. त्यात मी आणि माझी अव्वा होतो. दोन मुक्काम मंचेरियलला झाले.

अव्वाचे माहेर कन्नड, दादांचे घर मराठी. दादा आदल्या वर्षी गेले. त्यांच्या थोड्या अस्थी अव्वाने तांब्याला फडके बांधून जपून ठेवल्या होत्या. त्या काळेश्वरमच्या संगमात सोडायच्या होत्या. आम्ही दोघी बहिणीच, भाऊ नाही. म्हणून काका आपल्या मुलाला घेऊन बरोबर आले होते. अस्थी त्याच्या हातून सोडायच्या, असे त्यांनी निघतानाच सांगून टाकले. अव्वा काही बोलली नाही. तांब्या मात्र तिने वाटभर मांडीवरून खाली ठेवला नाही.

बीदरहून कामारेड्डी, सिरसिल्ला करीत आम्ही वेमुलवाड्याला पोचलो. इथे राजराजेश्वराचे मोठे क्षेत्र. नवस फेडायला लोक गोऱ्हा घेऊन येतात आणि देवळाला प्रदक्षिणा घालून तो देवाला सोडतात. त्याला तिकडे ‘कोडे मोक्कू’ म्हणतात. दर्शन झाल्यावर बुवांनी सगळ्यांना सावलीत बसवले आणि कन्नड शाळेत शिकलेल्यांना विचारले, “आदिकवी पंप कुणाच्या दरबारात होता?” ‘अरिकेसरी’ एवढे एकीला आठवले. “आणि त्या अरिकेसरीची राजधानी कुठली?” कुणालाच सांगता येईना. “अहो, तुम्ही बसलात ना, तीच!” बुवा म्हणाले. वेमुलवाड्याच्या चालुक्यांपैकी दुसऱ्या अरिकेसरीच्या आश्रयाने दहाव्या शतकात पंपाने ‘विक्रमार्जुन विजय’ लिहिले. त्याचे ‘आदिपुराण’ इसवी सन ९४१ चे. कन्नडचा आदिकवी आज तेलुगू बोलणाऱ्या गावात नांदत होता, हे ऐकून आमच्यातल्या कन्नड बायकांना माहेरचे कुणी भेटल्यासारखे झाले.

तिथून जवळच कुरिक्याल गावी बोम्मलगुट्टा नावाची टेकडी आहे. तिच्या कातळावर जैन मूर्ती कोरल्या असून पंपाचा धाकटा भाऊ जिनवल्लभ याचा शिलालेख आहे. तो संस्कृत, कन्नड आणि तेलुगू अशा तीन भाषांत आहे. तेलुगूच्या सर्वांत जुन्या उपलब्ध पद्यांत यातल्या पद्यांची गणना होते. “भाऊ कन्नडचा आदिकवी, आणि याला तिन्ही भाषा आपल्या वाटल्या,” एवढेच बुवा बोलले. आपल्या सीमाभागात घरोघरी दोन भाषांची रस्सीखेच चालते. त्या दगडापुढे उभे राहून मला ती फार अलीकडची वाटली. बीदर, नांदेड, करीमनगर आणि आदिलाबाद हे सगळे १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होते, ही आठवण बुवांनी मग गाडीत करून दिली.

पुढचा टप्पा धर्मपुरीचा. गोदावरीच्या काठी लक्ष्मीनरसिंहाचे जुने देऊळ आहे. आपल्या बीदरच्या झरणी नरसिंहाला पाण्यातून चालत जावे लागते. इथे नदीत स्नान करून वर यायचे. या क्षेत्राचे वैशिष्ट्य म्हणजे नरसिंहाच्या शेजारी यमधर्मराजाचेही देऊळ आहे. यमाने इथे गोदास्नान केले आणि त्याच्या मनाला शांती मिळाली, अशी कथा सांगतात. धर्मपुरीला आलेल्याला यमपुरी नाही, अशी म्हणही तिकडे आहे. भाविक यमापुढच्या दिव्यात तेल घालतात. अव्वा आधी आत यायला तयार नव्हती. “ज्याने नेले त्याला तेल कशाला?” ती कन्नडमध्ये पुटपुटली. बुवांनी आग्रह केला नाही. सगळ्यांचे झाल्यावर ती आपणहून गेली आणि तेल घालून आली.

रायपट्टणमच्या पुलावरून गोदावरी ओलांडून आम्ही मंचेरियलच्या रस्त्याला लागलो. वाटेत गुडेम गुट्टा लागतो. टेकडीवरच्या या सत्यनारायणस्वामींच्या देवळाला लोक तेलंगणाचे अन्नवरम म्हणतात. आपल्याकडे सत्यनारायण घरात चौरंगावर मांडायचा. इथे जोडपी देवळात येऊन व्रत करतात.

मंचेरियल हे पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यातले गाव. ११ ऑक्टोबर २०१६ पासून ते स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण आहे. काझीपेठहून बल्लारशाकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे हे मोठे स्टेशन. आसपास सिंगरेणीच्या कोळसा खाणी. यात्रेकरूंसाठी सजलेले हे गाव नव्हे, कष्टकऱ्यांचे गाव आहे. पण धर्मपुरी एका बाजूला आणि काळेश्वरम दुसऱ्या बाजूला, म्हणून मुक्कामाला सोयीचे.

त्या रात्री लॉजच्या गच्चीवर भजन झाले आणि भजनानंतर काकांनी विषय काढलाच. “महाराज, उद्या पोराला सोवळं नेसवायचं का? बाईमाणसाने अस्थी सोडणं बरं दिसत नाही.” सगळे गप्प. बुवांनी टाळ पिशवीत ठेवले आणि विचारले, “आजारपणात रात्री उठून पाणी कोण देत होतं?” काका म्हणाले, “वहिनीच.” “मग शेवटचं पाणीही त्यांनाच देऊ द्या. पोरगा हाताला हात लावील.” काकांनी थोडा वेळ खाली पाहिले आणि मान हलवली. अव्वाने पदर डोळ्यांना लावला.

सकाळी निघताना लॉजवाले म्हणाले, “पोयि रंडि.” बुवांनी हसून अर्थ सांगितला, जाऊन या. आपल्यात ‘जातो’ म्हणत नाहीत, ‘येतो’ म्हणतात. कन्नडमध्येही ‘होगि बर्री’च. निरोपाच्या वेळी नुसते ‘जा’ तिन्ही भाषांत कुणी म्हणत नाही.

चेन्नूर मागे टाकून प्राणहितेचा पूल ओलांडला की आपण गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंच्यात, म्हणजे महाराष्ट्रात शिरतो. पाट्या मराठी, बाजारात बोलणे तेलुगू! आमच्यातल्या कुणालाच त्याचे नवल वाटले नाही. आपल्याकडे दुसरे काय आहे? तिथून गोदावरीवरचा पूल पार केला की पुन्हा तेलंगण आणि काळेश्वरम.

इथे प्राणहिता गोदावरीला मिळते. वर्धा आणि वैनगंगा एकत्र होऊन प्राणहिता बनते, म्हणजे पाणी बरेचसे विदर्भाचे. गुप्त सरस्वती धरून याला त्रिवेणी संगम मानतात. मे २०२५ मध्ये, आम्ही जाऊन आल्यावर, सरस्वती पुष्कर इथेच भरला.

देवळात एकाच पीठावर दोन लिंगे आहेत, काळेश्वर म्हणजे यम आणि मुक्तेश्वर म्हणजे शिव. शिव येईल त्याला मुक्ती देऊ लागला, यमाला काम उरेना. तेव्हा शिवाने त्याला आपल्या शेजारी जागा दिली आणि आधी त्याची पूजा करायला सांगितली, अशी कथा आहे. बुवा म्हणाले, “यमाला चुकवून शिवाकडे जाता येत नाही. त्याची ओळख आधी करून घ्यायची.”

त्याआधी संगमावर पुरोहितांनी गोत्र आणि नाव विचारले. कोण सोडणार हे विचारलेही नाही. अव्वा गुडघाभर पाण्यात उतरली. चुलत भावाने तिच्या कोपराला हात लावला. तांब्या रिकामा करताना ती एवढेच म्हणाली, “होगि बर्री.” पुरोहितांना कन्नड येत नसावे, पण त्यांनी मान डोलावली. काकांनी पुढे होऊन रिकामा तांब्या तिच्या हातून घेतला.

या वाटेला जायचे तर दिवाळीनंतर ते महाशिवरात्रीपर्यंतचे दिवस चांगले. पुढे उन्हाचा तडाखा फार. २०२७ मध्ये गुरू सिंह राशीत असताना तिकडे गोदावरी पुष्कर असेल, तेव्हा गर्दी खूप होईल. आपला नाशिक-त्र्यंबकचा सिंहस्थ तो हाच योग. त्र्यंबकला उगम पावलेली गोदामाई १४६५ किलोमीटर वाहते. आपल्याला तिचे वरचे नाशिक, पैठण, नांदेड ठाऊक असते. खालची गावेही तिचीच आहेत. एखाद्या जाणत्याला बरोबर घेऊन जरूर जाऊन यावे.