हस्तलिखिताचा संपादक

माणसाला आयुष्यात एकदा तरी संपादक होण्याचा योग यावा, आणि तो लहानपणीच यावा, असे माझे मत आहे. म्हणजे मोठेपणी ती हौस उरत नाही. मला हा योग नववीत असताना, 1994 साली आला. पडघ्याच्या आमच्या हायस्कूलच्या वार्षिक हस्तलिखिताचा मी संपादक झालो. त्यानंतर मी बराच काळ सरळ चालत नसे, असे माझी आई सांगते.

पडघा कुठे आले, असे विचारणारे वाचक असतीलच. भिवंडी तालुक्यात, मुंबई-आग्रा रस्त्यावर. कल्याणहून यायचे तर गांधारीचा पूल ओलांडून बापगाववरून यावे लागते. तेव्हा रस्त्याच्या दोन्ही अंगांना भाताची खाचरे होती. आता गोदामे आहेत, आणि ती इतकी लांबलचक की एका गोदामाची भिंत संपेपर्यंत एस.टी.त डुलकी लागून जाग येते. माझे वडील वीज मंडळात होते. बदली झाली म्हणून आम्ही पुण्याकडून इकडे आलो. पुढे 1999 साली चंद्रपूरहून साडेसातशे किलोमीटर धावत येणारी विजेची वाहिनी पडघ्यातच उतरली आणि गावाचे नाव इंजिनिअर लोकांच्या तोंडी झाले. आमच्या वेळी मात्र संध्याकाळी दिवे जात, आणि त्याबद्दल सारी शाळा मलाच जबाबदार धरीत असे.

शाळेत उपक्रम पुष्कळ होते. लेझीम होती, स्काउट होते, ‘खरी कमाई’साठी आम्ही मास्तरांच्या सायकली पुसून चार-चार आणे मिळवत होतो. आर. एस. पी.ची मुले शिट्ट्या वाजवून लहानांना रस्ता ओलांडून देत, आणि एखादा मालट्रकचा ड्रायव्हर त्यांच्या शिट्टीने खरोखरच थांबला, की त्यांचे चेहरे पाहण्यासारखे होत. कबड्डीबद्दल तर बोलायलाच नको. आगरी-कुणब्यांच्या मुलांना ती शिकवावी लागत नाही. पण या सगळ्यांत मानाचा उपक्रम म्हणजे हस्तलिखित, असे निदान मला वाटे.

ज्यांनी ते केले नाही त्यांना त्यातली गंमत कळायची नाही. श्रावणात लेख मागवायचे. दिवाळीपर्यंत पाच आले तर नशीब. मग वर्गावर्गांत फिरून धाकदपटशा. ते आले, की निवड, दुरुस्ती, आणि मग सुंदर अक्षराच्या दोन मुलींच्या मनधरण्या. कारण प्रत एकच निघायची, आणि ती या दोघींच्या हातची. जाड कागद, पेन्सिलीने आखलेल्या रेघा, लिहून झाल्यावर त्या खोडायच्या. त्या खोडताना शाई फिसकटली, की अख्खे पान पुन्हा. चित्रकलेच्या सरांचे मुखपृष्ठ, आणि बांधणी कल्याणला. स्नेहसंमेलनात पाहुण्यांनी फीत सोडायची. त्या एका प्रतीसाठी आम्ही चार महिने जगत होतो.

आमच्या मराठीच्या सरांनी मला बजावले होते, “ऱ्हस्वदीर्घ तेवढे पाहा. बाकी लेखकाचे लेखकापाशी राहू दे.” हे मी मुद्दाम सांगतो आहे. पुढे जे घडले त्याचे श्रेय दुसऱ्या कोणाकडे जाऊ नये.

वर्गात एक मुलगा मागच्या बाकावर बसे. नाव सांगत नाही. तो आजही तिथेच राहतो. मैदानात त्याला धरणे चार जणांना जमत नसे, वर्गात मात्र तो तोंड उघडत नसे. उघडले की ‘मना’ यायचे, ‘पानी’ यायचे, आणि आम्ही नोकरदारांची मुले हसायचो. त्याने एके दिवशी वहीची दोन पाने माझ्या हातात दिली आणि काही न बोलता निघून गेला.

जुलैतल्या एका रात्री त्यांच्या खाचराचा बांध फुटला होता, त्याची ती हकीकत होती. शहरातल्या वाचकांना थोडे सांगायला हवे. भाताची रोपे बांधाने अडवलेल्या पाण्यात उभी असतात. खेकडे त्या बांधाला बिळे पाडतात. अशा बिळातून पाणी झिरपू लागले, की पाहता पाहता भगदाड पडते, आणि मग पाणी जाते ते माती आणि रोपे बरोबर घेऊनच. याचा बाप कंदील घेऊन गेला. ढेकळे टाकली, ती टिकेनात. तेव्हा तो स्वतःच भगदाडात पाठ लावून उभा राहिला, आणि हा पोरगा उजाडेपर्यंत त्याच्या दोन्ही कुशींना चिखल लिंपत राहिला. मधूनच बाप ओरडे, कारण खेकडे त्याच्या पायाला चावत. मुलाने लिहिले होते, ‘बापूस रातभर पान्यान उबा होता.’

मी लाल शाईचे पेन उचलले. ‘माझे पिताश्री संपूर्ण रात्र जलप्रवाहात अविचल उभे राहिले.’ एवढ्यावर थांबेल तो संपादक कसला! मी शीर्षक दिले, ‘पितृप्रेमाचा हिमालय’. कंदिलाची ‘मिणमिणती ज्योत’ केली. खेकडे काढून टाकले. साहित्यात खेकडे शोभत नाहीत, अशी माझी समजूत होती. अखेरीस एक सुविचार जोडला, आणि त्या रात्री अत्यंत समाधानाने झोपलो.

स्नेहसंमेलनाच्या दिवशी फीत सुटली आणि टेबलाभोवती झुंबड उडाली. गर्दी ओसरल्यावर तो आला. आपले पान शोधून, ओळीखाली बोट धरून त्याने सगळे वाचले. मग मान वर करून मला विचारले,

“ह्यो कोनाचा बापूस?”

“अरे, तुझाच!” मी म्हणालो.

“माजा नय,” तो म्हणाला, आणि मैदानाकडे गेला.

त्या वेळी मला काही वाटले नाही, हे कबूल केले पाहिजे. उलट आपण एवढे उपकार केले आणि याला त्याचे काही नाही, म्हणून थोडा रागच आला. दहावीत मी पुन्हा संपादक झालो. त्याने पुन्हा काही दिले नाही, मीही मागितले नाही.

एम. ए.ला असताना एका दुपारी ग्रंथालयात ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणाचा सातवा खंड हाती आला. 1905 सालचा, मराठीचा. या गृहस्थाने गावोगावच्या बोलींत एकच गोष्ट लिहवून घेतली होती, बायबलातल्या उधळ्या मुलाची. त्यात आगरीही निघाली. एका बापाची आणि त्याच्या मुलांची गोष्ट, आणि ती आमच्या मागच्या बाकाच्या भाषेत! कोण कुठला आयरिश साहेब, त्याने एक अक्षर न बदलता ती छापावी, आणि मी... मी ते पान बराच वेळ उघडे ठेवून बसलो होतो. आता मी वर्गात बोलींवर व्याख्याने देतो. मुले टिपणे घेतात. लाल शाईचे पेन मात्र मी वापरत नाही. पेपर हिरव्या शाईने तपासतो, आणि परीक्षा विभागाची बोलणी खातो.

2025 सालच्या जानेवारीत मराठी भाषा संवर्धन पंधरवड्यानिमित्त शाळेने मला बोलावले. आदल्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात दर्जा मिळालेला, तेव्हा विषय ओघानेच आला. माझे भाषण लांबले. मुलांनी ते सोसले. त्यानंतर सातवीतल्या एका मुलीने आगरीत नक्कल केली: नवऱ्याला गोदामात नोकरी लागली म्हणून मिरवणाऱ्या बाईची. सभागृह खो खो हसले. असे हसणे मी याच शाळेत पुष्कळ ऐकले आहे. पण या वेळी मुलगी हसू येईपर्यंत थांबत होती आणि मग पुढचे वाक्य टाकत होती.

हस्तलिखित अजून निघते. लेख आता मोबाईलवर लिहून येतात आणि नंतर कागदावर उतरवले जातात. जुन्या प्रती कपाटात होत्या. 1994 ची मी मागून घेतली. बांधणी सुटली होती, पण त्या मुलीचे अक्षर तसेच, मोत्यासारखे. ‘अविचल’मधला ‘वि’ ऱ्हस्व आहे याची मी आपोआप खात्री करून घेतली, आणि प्रत मिटली.

चहाच्या वेळी पाठीवर थाप पडली. “काय रं संपादक!”

केस पांढरे झाले होते, एरवी तोच. मुलीची मॅच पाहायला आला होता. खाचर गोदामाखाली गेले, त्याचे भाडे येते, हे त्याने सांगितले. मी पत्नीचे, मुलांचे विचारले. मग धीर करून म्हणालो, “तुझा तो बांधाचा लेख...”

तो कपाकडे पाहत राहिला. “बापूस गेला दोन वर्सांखाली. त्याला सांगितलं होतं मी तेव्हा, शालेचे पुस्तकान तुझेवर आयलंय म्हणून. रोज माझे मागं, वाचून दाव, वाचून दाव.”

“मग?”

“मग काय? पुस्तक घरी कोन देतो? आन् दिला असता, तरी...” तो हसला. “वहीन माझा कच्चा होता ना. तोच वाचला. बोललो, ह्योच लिवलाय पुस्तकान.”

मला काही सुचेना. “काय म्हणाले मग?”

“बोल्ला, खेकऱ्यांचा बराबर लिवलास.”

मैदानावरून शिट्टी झाली. त्याने उरलेला चहा एका घोटात संपवला, कप माझ्या हातात दिला आणि मॅच पाहायला धावला.