कारध्याचा सकाळचा उजेड

भंडाऱ्यातील एका किराणा दुकानदाराला गुडघ्यांमुळे वैनगंगेवर जाणे होईना. कारध्याचा जुना पूल त्यांना पाहायचा होता, म्हणून धाकट्या मुलाने कॅमेरा घेतला. आरंभीची छायाचित्रे दुपारची. दुकानाला सवड तेव्हाच. माथ्यावरच्या उन्हात पाणी पांढरेफटक आणि पूल सपाट दिसे.

कारधा नदीच्या पूर्व तीरावर. तेथून सायंकाळी सूर्य समोर, भंडाऱ्यामागे मावळतो. दृश्य मोहक खरे, परंतु पूल काळा पडतो (शिवाय घरी चौविहार चुकतो, ते निराळेच). म्हणून त्याने पहाट धरली. हिवाळ्यात सूर्य आग्नेयेस उगवतो. पुलाच्या खालच्या अंगास उभे राहिले की तिरपा उजेड खांबांवर पडतो आणि दगडाचा खडबडीतपणा उमटतो. तिपाई पक्की रोवून, आयएसओ १०० आणि छिद्र एफ ११ ठेवून, बोटाचा धक्काही लागू नये म्हणून तो २ सेकंदांचा टायमर लावी. धुके विरेपर्यंतची वीसेक मिनिटेच कामाची. चौथ्या सकाळी मनासारखे चित्र मिळाले.

वडिलांनी ते गल्ल्याशेजारी ठेवले, चष्मा पुसला. गोसीखुर्द धरणाचे पाणी आता इथवर तुंबते. भरल्या पात्रावर बोट टेकवून ते म्हणाले, “इथे वाळू होती. आम्ही चालत जायचो.”