दोर कुणाकडे आहे?
पालकहो, ७ मे २०२५ला देशात ठिकठिकाणी नागरी संरक्षणाचं मॉक ड्रिल झालं. सायरन वाजले, आणि "हे काम वरच्या सरकारचं" म्हणून आपण मोकळे झालो. पण आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ वाचा. कलम ४१ स्थानिक प्राधिकरणांसाठी आहे, त्यात नगरपालिकेबरोबर आपली ग्रामपंचायतही येते बरं का! कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यायचं, साधनं लगेच वापरता येतील अशी ठेवायची, आपत्तीत मदतकार्य करायचं. 'जमलं तर' असं तिथे लिहिलेलं नाही.

आमच्या शाळेमागे ओढा आहे. दोर आणि मोठी बॅटरी कुणाच्या घरी मिळेल, हे शिपाईमामांना तोंडपाठ. कागदावर कुठेच नाही. येत्या ग्रामसभेत मी हा प्रश्न लेखी देणार आहे. तुमच्याकडे ही यादी कुणाजवळ असते?